कॉम्प्रेसरचं बारसं

मला सख्खा भाऊ नाही. तरी मी एका कॉम्प्रेसरची, दोन पंपांची, एका बॉयलरची आणि एका प्रेसची आत्या आहे. हे नातं मला आमच्या दांडगे काकांनी दिलं.

वाळूजच्या आमच्या कारखान्यात मशिनींवर सेन्सर बसवलेत. मशीन किती तापलं, किती थरथरलं, हे ते इंटरनेटवरून कळवत असतात. क्लाउडवर या सगळ्या मशिनींची एक रजिस्ट्री आहे. कोण कुठल्या शेडमध्ये, कोणत्या प्रकारचं, कोणाच्या ताब्यात, सगळं तिथं लिहिलेलं. त्यात बदल करायचा तर चार ओळींचा कोड चालवायचा. ते काम माझं आणि काकांचं. काका मूळचे मेंटेनन्सचे. निवृत्तीला टेकल्यावर पान्हे सोडून कीबोर्डवर आले. टाइप एका बोटानं करतात, पण कोड चोख.

मशिनीला नुसता नंबर देणं काकांना मंजूर नाही. "नंबर हर्सूलच्या जेलात देतेत, पोरी. इथं नाव पायजे." काका हर्सूललाच राहतात, त्यामुळे या मुद्द्यावर कोणी वाद घालत नाही.

नवं मशीन आलं की काका डबा भरून हरभऱ्याच्या घुगऱ्या आणणार. मी मशिनीसमोर वाकायचं, पत्र्याला तोंड लावून "कुर्रर्र" करायचं आणि नाव सांगायचं. मग जमलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत रीतसर धपाटे घालायचे. पॅकिंगच्या शबाना आपांचा हात फार जड आहे. नाव अर्थात काकांनी आधीच ठरवलेलं असतं, आणि दर वेळी मुलीचंच. कॉम्प्रेसर स्वरा, पंप ओवी आणि आर्या. अख्खी शेड हादरवणाऱ्या प्रेसचं नाव जुई आहे.

काकांचा दुसरा हट्ट कोडमधला. रजिस्ट्रीत नवी माहिती पाठवताना एक गोष्ट सांगावी लागते: जुनी माहिती राहू देऊन तिच्यात भर घालायची, की जुनी पुसून नवी लिहायची. पुण्याहून आलेला एक हुशार इंजिनिअर हे सांगायला विसरला. बॉयलरचा रंग नोंदवायला गेला आणि त्याचं नाव-गाव सगळं साफ करून बसला. त्याचा पगार ऐकून आम्हाला आदर वाटायचा, तो त्या दिवशी संपला. काका त्याला एवढंच म्हणाले, "पुसू नको, जोड. पुसायला काय अक्कल लागत नाय."

तेव्हापासून ते आमच्या ऑफिसचं ब्रीदवाक्य झालं.

हे सगळं हेड ऑफिसला कळायचं काही कारण नव्हतं. पण एके दिवशी कॉम्प्रेसर तापला आणि मेसेज थेट पुण्याच्या मोठ्या साहेबांच्या मोबाइलवर गेला: "स्वरा तापली आहे. ताबडतोब लक्ष द्या." साहेब मनानं चांगले. त्यांनी लगेच कळवलं, "स्वराचे वडील जे कोणी असतील त्यांनी घरी जावं. रजा मंजूर." निम्मं मेंटेनन्स खातं घरी गेलं. स्वरा एकटीच तापत राहिली आणि संध्याकाळी जळाली.

मग रिवाजाप्रमाणे समिती बसली. समितीनं कॉम्प्रेसर का तापला हे सोडून बाकी सगळं शोधलं आणि हुकूम आला: सगळ्या मशिनींची नावं आजच पुसा, फक्त नंबर ठेवा.

काकांनी कोड लिहिला. पुसायला सांगणारी ओळही लिहिली. पण शेवटचं बटण काही दाबेनात.

"काका, मी चालवू का?"

"माज्या लेकीनं मनानं लगीन केलं," काका स्क्रीनकडंच बघत म्हणाले. "मी म्हनलं, तू आमाला मेली. मोबाइलमधून तिचा नंबर काढला, भिंतीवरचा फोटू काढला. तिला पोरगी झाली, एवढंच कानावर आलं. हितं सिडकोत ऱ्हाती. नाव काय ठिवलं, कोन सांगंना. मग आपलं एकेक नाव लावून बघतो. स्वरा आसंल. जुई आसंल."

मला भडभडून आलं, आणि त्याहून जास्त राग आला. एवढा मशिनींचा गोतावळा जमवणाऱ्या माणसाला सिडकोपर्यंत स्कूटर नेता येत नव्हती!

"पुसू नको, जोड, हे आम्हाला रोज शिकवता ना काका?" मी म्हटलं. "मग घरी का नाही चालवत?"

काकांनी एका बोटानं बटण दाबलं. सगळी नावं गेली. मग हेल्मेट उचललं आणि गेटपास न घेताच बाहेर पडले. वॉचमन ओरडत राहिला.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्या टेबलावर डबा ठेवला. आत घुगऱ्या. नवं मशीन तर एकही आलेलं नव्हतं.

"अब किसका बारसा, काका?" शबाना आपांनी विचारलं.

"मायरा," काका म्हणाले. "आता हे काय नाव हाय का? सात जन्मात सुचलं नसतं मला." आणि चष्मा काढून उगाच पुसत बसले. "मांडीवर आली अन् माजं बोटच सोडंना."

शबाना आपांनी घुगऱ्यांचा हात ओढणीला पुसला आणि आत्याचा मान म्हणून माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की डोळ्यांतलं पाणी मला त्याच्यावर ढकलता आलं.