गिऱ्हाइकाचं माप

कासव वाढतं, हे मला माहीत नव्हतं. मी सरकारी कचेरीत नकाशे काढणारा माणूस. कागदावर काढलेली वस्तू दुसऱ्या दिवशी तेवढीच असते, याची सवय झालेली.

लातूर नवा जिल्हा झाला आणि माझी नांदेडहून तिथं बदली झाली. खोली मिळाली गुंडप्पाअण्णा टेलरांकडे. सामान टाकून पुढच्या दुकानात डोकावलो, तर कपाळावर विभूती, हातात टेप अशा थाटात अण्णा जमिनीवर पालथे पडून एका कासवाचं माप घेत होते.

"मान आत नका घेऊ मालक, माप चुकतंय," ते कासवाला सांगत होते.

हे दर सोमवारी चाले. मग मापाच्या वहीत, कुणाच्या तरी पायजम्याखाली नोंद पडे : 'गिऱ्हाईक. पाठ साडेसहा, घेर सोळा.' गिऱ्हाईक हेच त्याचं नाव. कंधारच्या रस्त्यावर एसटीच्या चाकापुढून अण्णांनी ते उचलून आणलेलं. पाठीवर पिवळ्या चांदण्या, स्वभाव सावकाश.

अण्णांनी शिवलेला शर्ट गल्लीतल्या पोरांच्या गुडघ्यापर्यंत येई. आयांनी तक्रार केली की म्हणत, "अंगाबरोबर शिवनं म्हंजे लेकराला वाढू नको म्हनून सांगनं हाय."

त्या साली दुष्काळ होता. टँकर अण्णांच्या अंगणात थांबे आणि घागरींची रांग लागे. एका बाईनं दगड समजून गिऱ्हाइकाच्या पाठीवर मातीची रिकामी घागर ठेवली. थोड्या वेळानं घागर रांग सोडून निघाली. बाई किंचाळली, घागर फुटली, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी गिऱ्हाइकाला काठीनं उलथं पाडून ठेवलेलं सापडलं. अण्णांनी त्याला सरळ केलं.

"आता घरातच जागा करावी लागती," ते म्हणाले.

मागची खोली मोकळी होती, पण कुलपात. "ती पोराची, म्हादूची हाय. किनवटला आश्रमशाळेत मास्तर हाय त्यो. आता जिल्हा झालाय, बदली करून यील."

म्हणून दुकानातला शिलाई मशीनमागचा कोपरा ठरला. मी ट्रेसिंग पेपरवर रीतसर नकाशा काढला : खिडकीकडून सकाळचं ऊन, खाली कोरडी माती, पाण्याची उथळ परात, विटांची भिंत आणि निजायला कमानदार दाराची खोली. दार मी बरोबर गिऱ्हाइकाच्या मापाचं ठेवलं. कमानीवर माझा फार जीव.

"जरा वाढत्या अंगाचं काढलं असतं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, एवढी जागा सरकार मलाही देत नाही."

पुढं मधूनच एखाद्या सोमवारी ते सांगत, "पाव इंच वाढलं." मी म्हणे, "टेप सैल झालाय तुमचा."

वर्षभरानं एका सकाळी गिऱ्हाईक त्या कमानीत अडकलं. डोकं बाहेर, बाकी सगळं आत. मी करडईचं तेल आणून ओतलं आणि ओढलं. ते फुसफुसलं आणि डोकंही आत गेलं. अण्णांनी मला बाजूला सारलं, हातोडी घेतली आणि एकेक वीट हलक्या हातानं फोडली. त्यात तासभर गेला. गिऱ्हाईक बाहेर आलं, तेव्हा त्याच्या पाठीवर पांढरा ओरखडा होता. अण्णा त्यावरून बोट फिरवत राहिले.

मग उठून त्यांनी मागच्या खोलीचं कुलूप काढलं.

आत एक बाज होती, आणि दोरीवर लहान मुलाचे पाच शर्ट. पहिला टीचभर, पुढचा त्याहून मोठा, असे चढत गेलेले. एकाचीही घडी मोडलेली नव्हती.

"नातवाचे," अण्णा म्हणाले. "दर पाडव्याला शिवतो. माप अंदाजानंच धरतो."

"घालायला येईल की तो, बदली झाली की."

"म्हादूचं पत्र आलंय. तिकडंच घर बांधून राहिलाय त्यो."

त्यांनी शर्ट उतरवून ट्रंकेत ठेवले, खडू घेतला आणि फरशीवर रेघ मारत निघाले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सगळी खोली. गिऱ्हाईक उंबऱ्याशी मान काढून बसलं होतं.

मला काहीतरी करावंसं वाटलं. म्हणालो, "अण्णा, थांबा, मी नीट नकाशा काढून देतो."

अण्णांनी मान वर केली नाही. "तुमच्या हातात पेन्सिल आली की मुक्या जिवाला घोर लागतो, सायेब. तुमी बाज उचला."