पन्नासपैकी अकरा

बापूसाहेबांइतका निःपक्षपाती माणूस अख्ख्या राजापेठेत शोधून सापडायचा नाही, असं खुद्द बापूसाहेबांचंच मत होतं! तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, बोर्डाचे पेपर तपासले, पण कोणाला अर्धा गुण फुकट दिला असेल तर शपथ. त्यामुळे प्रभागात पोटनिवडणूक लागताच त्यांनी घरात जाहीर केलं, "लोक जात बघतात, गाव बघतात, ओळख बघतात. मी फक्त उत्तरपत्रिका बघणार!"

"काहीही बघा," रमाकाकू म्हणाल्या, "पण नळाचं बघणारा निवडा. पहाटे चारला उठून पाणी भरता भरता माझी कंबर गेली."

सूनबाई मैथिली कामाला लागली. चारही उमेदवारांच्या पत्रकांतली आश्वासनं तिनं कोऱ्या कागदांवर उतरवली. नाव नाही, फोटो नाही, चिन्ह नाही, वर नुसता नंबर. बोर्डात झाकतात तसं!

रविवारी सकाळी बापूसाहेब लाल पेन घेऊन बसले. समोर त्यांचे चाळीस वर्षांचे मित्र नत्थुजी चहा फुंकत होते. नत्थुजी स्वतःच उमेदवार होते, पण चहाची वेळ ती चहाची वेळ.

"नंबर दोन. 'प्रभागाचा सर्वांगीण विकास करू.' विकास म्हणजे काय? कुठे? कधी? अरे, या गाढवाला आपला नळ कुठे आहे ते तरी ठाऊक आहे का? पन्नासपैकी अकरा!"

नत्थुजींचा कप तोंडापाशीच थांबला.

"नंबर चार. 'नळाची वेळ पहाटे चारवरून सकाळी सहावर आणीन. सहा महिन्यांत नाही जमलं तर राजीनामा देईन.' वा! याला म्हणतात मुद्देसूद! बेचाळीस! माझं मत यालाच. शब्द दिला!"

मैथिलीनं यादी उघडली. "चार नंबर म्हणजे शकुनताई, कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या. आणि दोन नंबर..." तिनं हळूच नत्थुजींकडे पाहिलं.

"मी व्हय," नत्थुजी म्हणाले.

बापूसाहेबांना घाम फुटला! शकुन? जिला नववीत आपण इतिहासात दोनदा नापास केलं, ती?

"फेरतपासणी!" ते ओरडले. "चार नंबरचं अक्षर गचाळ आहे. सहा वजा!"

"बाबा, अक्षर माझं आहे."

"मग शुद्धलेखनाचे सहा वजा!"

"तेही माझंच, बाबा."

"तू मध्ये बोलू नकोस! दोन नंबरनं नळाचा उल्लेख केला नाही, पण नळ त्याच्या मनात आहे. दहा जास्त! प्रयत्नाचे नऊ!"

शेवटी दोघांनाही तीस-तीस पडले आणि बापूसाहेबांचं डोकं गरगरायला लागलं. मूळचे गुण खरे की फेरतपासणीचे? शकुनला मत द्यावं तर मैत्री जाते, नत्थुजींना द्यावं तर दिलेला शब्द जातो, शिवाय रमाची कंबर! आणि शकुन नको वाटते ती तिच्या कामामुळे की नववीच्या पेपरामुळे? हा प्रश्न फारच अवघड निघाला. त्यांनी तो ऑप्शनला टाकला.

नत्थुजी मात्र चहा अर्धा ठेवून गेले ते मतदानापर्यंत फिरकलेच नाहीत. बापूसाहेबांना त्यांच्यावाचून चहा गोड लागेना.

मतदानाच्या दिवशी ते यंत्रासमोर इतका वेळ उभे राहिले, की अधिकारी दोनदा खाकरला. मग त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. घरी मात्र अवाक्षर काढलं नाही.

शकुन निवडून आली! निकालाच्या संध्याकाळी दारात नत्थुजी, हातात तिच्याच पेढ्यांचा पुडा.

"नत्थुजी! राग नाही ना?"

"राग? काहून? तुमचे अकरा बरोबर होते ना! घरी जाऊन माहं पत्रक पुन्हा वाचलं, मलेच पटलं नाही. मी, बायको, पोरगं, आमी सगळ्यायनं शकुनलेच मत देल्लं. तुमी तर शब्दाचे पक्के, तुमची फिकीरच नव्हती! पन एक समजून नाही राहिलं. आपल्या बूथवर मले एक मत पडलं. माह्या घरचं नाही, तुमचं नाही. मंग हे येडं कोन, बापूसायेब?"

रमाकाकूंनी नवऱ्याकडे टक लावून पाहिलं. बापूसाहेबांनी शाईचं बोट हळूच पेढ्यांच्या पुड्यामागे नेलं.

"असेल कोणीतरी," ते घाईघाईनं म्हणाले. "लोकांना फार पूर्वग्रह असतात हो!"