शिंकाळ्यातला यंत्रमानव

"अख्ख्या पुणे जिल्ह्यात खरा यंत्रमानव एकाच घरात आहे, आणि ते घर माझं!" महिपतराव हे लोणावळ्यात भेटेल त्याला ऐकवत. भाजीवालीने मेथीची जुडी पुढे केली तरी तिला आधी हे ऐकावं लागे, मग मेथी!

लहानपणी बंगल्यातल्या कुणा साहेबाने टाकलेलं पत्र्याचं रॉकेट त्यांनी उचललं होतं. तेव्हापासून जे उचलायला लागले, ते चाळिशी उलटली तरी थांबले नव्हते. कपाटात उडत्या तबकड्या होत्या, तीन डोळ्यांचे मंगळवासी होते, आणि सगळ्यांच्या वर, मखमलीच्या तुकड्यावर, जपानी यंत्रमानव. लालभडक रंग, छातीवर रंगवलेली घड्याळं, पाठीला किल्ली. ती किल्ली महिपतरावांनी जन्मात फिरवली नव्हती. "खेळण्यांशी खेळतात ती पोरं. आम्ही संग्राहक!" पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांना ते माणसांतच धरत नसत.

सगळं जग असं तुच्छ होतं, एक माणूस सोडून. तळेगावचे दत्तोबा! त्यांच्याकडे चंदेरी चंद्रयान होतं, खिडकीत इवल्या माणसाचा चेहरा असलेलं. त्या चंद्रयानापायी महिपतरावांची झोप उडाली होती. त्यात दत्तोबांनी निरोप धाडला, "दसऱ्याला येतो. तुमचा तो डबा एकदा बघूनच टाकू."

"डबा?" महिपतराव कडाडले. "येऊ दे! माझ्यापुढे मान खाली घालून जाईल."

पण दसऱ्याच्या आधी लोणावळ्याचा पावसाळा पार पडायचा होता. इथे पापडाला बुरशी, चपलेला बुरशी, माणूस फार वेळ बसून राहिला तर त्यालाही यायची! आषाढात एका सकाळी यंत्रमानवाच्या कानामागे गंजाचा ठिपका दिसला. महिपतरावांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"भागुबाईकडे ठेवा की," नंदाबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या पोटच्या पत्र्याबद्दल त्यांना फारशी माया नव्हती. "तिच्या घरात भर पावसात काडेपेटीसुद्धा सर्दत नाही."

भागुबाई म्हणजे भुशीच्या वाटेवरून सरपण घेऊन येणारी बाई. "त्या अडाणी बाईकडे माझा जपानी?" महिपतरावांनी नाक मुरडलं. पण दुसरा ठिपका दिसल्यावर मुरडलेलं नाक सरळ झालं.

"भागुबाई, पोटच्या पोरासारखा जप. ओल लागता कामा नये!"

"व्हय भाऊ. टिपूस लागला तर माजं नाव बदला."

बाई शब्दाची पक्की. टिपूस लागू दिला नाही. दसऱ्याला सकाळी तिने फडक्यात गुंडाळलेला यंत्रमानव आणून दिला. महिपतरावांनी फडकं सोडलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. यंत्रमानव काळा! डोक्यापासून पायापर्यंत काळाकुट्ट, तव्याच्या बुडासारखा. वर सुक्या बोंबलांचा दणदणीत वास!

"अगं, हे काय केलंस?"

"चुलीवरच्या शिंकाळ्यात ठिवला व्हता, बोंबलाशेजारी. धूर लागला की वल न्हाई लागत. गंज हाय का कुटं? बगा की!"

गंज नव्हता. हे मात्र खरं होतं! महिपतराव धोतराच्या सोग्याने पुसू लागले. ती चिकट काजळी हलायला तयार नव्हती. भागुबाई मागच्या दाराने गेली आणि पुढच्या दाराची कडी वाजली. दारात दत्तोबा, काखेत चंद्रयान.

आता हा मनुष्य गावभर हसणार! महिपतरावांनी डोळे मिटले. पण हसू काही ऐकू येईना.

"काळा?" दत्तोबांचा आवाज बसला होता. "मी तर तांबडा ऐकून होतो."

महिपतरावांनी एक डोळा उघडला. समोरचा माणूस मत्सराने पिवळा पडला होता. मग काय! मेलेला माणूस तिरडीवर उठून बसावा तसे महिपतराव ताठ झाले.

"तांबडे गल्लोगल्ली मिळतात, दत्तोबा. काळा जगात एकच!"

दत्तोबांनी नाक जवळ नेलं. "वास कसला हो?"

"बोटीचा! समुद्रावरून आलेला माल आहे तो. अस्सल माल वासावरूनच ओळखतात."

स्वयंपाकघरात नंदाबाईंना जोराचा ठसका लागला. दत्तोबांनी मात्र डोळे मिटून पुन्हा एकदा छाती भरून वास घेतला. "खरंय. माझ्या एकाही खेळण्याला असा वास नाही!"

आणि मग त्यांनी आपणहून चंद्रयान पुढे केलं. "बदली करता?"

महिपतरावांनी आढेवेढे घेतले, सुस्कारे सोडले, नाइलाज झाल्यासारखं तोंड केलं. एवढं अनमोल यान हा माणूस इतक्या सहज का देतो, हा प्रश्न शहाण्याला पडला असता. दोघांनी एकमेकांच्या हातात आपट्याची पानं ठेवली. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा!" दसऱ्याचं सोनं कुणी परत मागत नाही, हे दोघांनीही मोठ्याने म्हणून घेतलं.

सबंध हिवाळा, उन्हाळा महिपतराव चंद्रयानाचे गोडवे गात होते. दत्तोबांचा काळा यंत्रमानवही पुण्यापर्यंत गाजला म्हणे.

पुढच्या पावसाळ्यात चंद्रयानाचा चंदेरी रंग फुगला. महिपतरावांनी नखाने जरा टोकरलं, तर पोपडाच निघाला. खाली हिरवंगार ताडाचं झाड! वनस्पती तुपाच्या डब्यावर असतं तेच! गंजून पडलेली भोकं डब्याच्या पत्र्याने बुजवून वर रंग फासला होता.

"चोर! लबाड! लोकांना फसवतो!" महिपतराव ओरडले. "आणि तो बोटीचा वास?" नंदाबाईंनी विचारलं. काळं झालं तरी चालेल, पण ते ताडाचं झाड झाकायला हवं होतं. चंद्रयान पिशवीत घालून, छत्री तोंडावर ओढून, ते गुपचूप भुशीच्या वाटेला लागले.

भागुबाईच्या ओट्यावर आधीच कुणीतरी छत्रीआड बसलं होतं. दत्तोबा! मांडीवर यंत्रमानव, अर्धा काळा, अर्धा तांबडा.

"जरा रॉकेलने पुसायला गेलो," दत्तोबा जमिनीकडे बघत म्हणाले. "चारचौघांत मिरवून बसलोय. पुन्हा काळा व्हायला हवा. वहिनींनी इथला पत्ता दिला."

महिपतरावांच्या पिशवीतून ताडाचं झाड डोकावत होतं. दत्तोबांनी ते पाहिलं. मग दोघंही पागोळ्यांकडे बघू लागले.

"हवा छान आहे," दत्तोबा म्हणाले.

"फारच," महिपतराव म्हणाले.

भागुबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिने एका हातात यंत्रमानव घेतला, दुसऱ्या हातात चंद्रयान, आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"दोगांची बाळं येकाच शिंकाळ्यात ठिवते," ती म्हणाली. "भांडत न्हाईत न्हवं?"