शांतीकाकांची मेट्रो

मंगरूळपीरच्या बसस्टँडवर एखाद्या गाडीत चार माणसं चढताना दिसली, तर त्यातलं एक माणूस कुठंही जाणार नसतं. ते शांतीकाका. ते पोचवायला आलेले असतात.

आता पोचवायला सगळेच जातात. पण त्याला काही कारण असतं. लेक सासरी निघालेली असते, पोरगं नोकरीवर रुजू व्हायला चाललेलं असतं. काकांना असलं काही लागत नाही. मी वाशीमच्या कोर्टात कारकून. सकाळी जातो, संध्याकाळी घरी येतो. तरी शेजारधर्म म्हणून काका मला रोज पोचवायला येतात. माझ्याआधी गाडीत घुसतात, खिडकीजवळ रुमाल टाकतात, "बस भाऊ, मी हावो ना" म्हणत शेजारी बसतात आणि कंडक्टरनं घंटी मारली की उतरतात. एकदा कुणाच्या तरी व्याह्यांना अकोल्याच्या गाडीत बसवता बसवता गप्पा रंगल्या आणि काका शेलूबाजारला उतरले. येताना पोचवायला कुणी नव्हतं, एवढंच त्यांना वाईट वाटलं.

काकू गेल्या, भांड्यांचं दुकान पुतण्यानं घेतलं, तेव्हापासून त्यांना दुसरं काम नाही.

मध्यंतरी त्यांची एकुलती एक मुलगी नीलू त्यांना दोन महिने परदेशात घेऊन गेली. त्या देशाचं, शहराचं नाव काकांनी आजवर घेतलेलं नाही. ते "तिकडं" म्हणतात आणि हात कारंज्याच्या रस्त्याकडे करतात, कारण नागपूरच्या विमानतळावर जाणारी गाडी त्या रस्त्यानं जाते. तिकडून काका परत आले ते मेट्रोतज्ज्ञ होऊन. आमच्या गावात साधी आगगाडी येत नाही, पण मेट्रोचा जाणकार आहे!

ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळानं शाल-श्रीफळ देऊन त्यांचं व्याख्यान ठेवलं. श्रोत्यांत परदेशी जाणारं कुणीच नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी मन लावून ऐकलं. ज्याला खरंच जायचं असेल त्याला काका दुकानात नेत. स्टीलची दोन पिंपं शेजारी शेजारी ठेवत, ते फाटक. झाकणावर कार्ड टेकवायचं आणि मधून निघायचं. काका बाजूला उभे राहून सूचना देत. "फाटकापाशी खिसे चाचपायचे नाही. मांगं लाइन लागते. तिकडं कोनी वरडत नाही, पन असा श्वास सोडते का मानूस जागीच मरन." "सरकत्या जिन्यावर उजवीकडं उभं राहाचं. डावीकडून घाईवाले जाते, अन् तिकडं सगळेच घाईवाले." आणि सगळ्यात मोठी तक्रार, "एकाचं कार्ड एकालेच चालते. मांगच्याचे मी देतो म्हनलं तं फाटक आयकत नाही. थेवढी माणुसकी नाही त्याच्यात."

हे सगळं आमच्या गावाला तोंडपाठ झालं. माझ्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली होती. काकांचं व्याख्यान फलाटापर्यंत यायचं आणि संपायचं. "मंग गाडी येते, दरवाजे उघडते. झालं." लगेच चहा.

कोर्टात वकिलांच्या उलटतपासण्या ऐकून माझा स्वभाव जरा खवचट झाला आहे. परवा ड्रायव्हर चहाला गेला होता, गाडी उभी होती, काका शेजारी होते. मी म्हटलं, "काका, आत बसल्यावर आपलं स्टेशन कसं कळतं?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, "मी बसलोच नाही."

"मेट्रोत? दोन महिन्यांत एकदाही नाही?"

"नीलूले पोचवाले जात होतो ना. कार्ड टेकवून आत जाओ. थे बसे, गाडी जाये, मंग कार्ड टेकवून मी बाहीर. तिनं कार्ड भरून देल्लं होतं का बाबा, शहर फिरा. तिले वाटे, मी फिरून राह्यलो. पन त्या गाडीची खिडकीच उघडत नाही, भाऊ. आत शिरली का मोबाइलमंदी मुंडकं. मी हात हालवत राहो. तिनं एकडाव बी मांगं पाह्यलं नाही."

"मग?"

"एक दिवस कार्डातले पैसे सरले. फाटक उघडेच ना. मी आतच. वर्दीवाली एक बाई आली, मशीनमंदी पाह्यलं, अन् इचारते का रोज इथंच शिरता, इथूनच निंगता, तं जाता कुठं? म्या मनलं, नो गो. डॉटर गो."

मी एवढ्या जोरात हसलो की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. काकाही हसले.

"तिनं नीलूले फोन लावला. पोरगी हापिस सोडून आली. मले वाटलं, आता रागावन. थे फाटकाच्या पल्याड उभी राहून म्हने, बाबा, रोज? म्या मनलं, रोज. तिनं कार्डात पैसे भरले अन् मले बाहीर काढलं." काकांनी रुमालाची घडी सारखी केली. "दुसऱ्या दिवशी गाडी आली, दरवाजे उघडले, अन् थे चढेच ना. म्या मनलं, जाय ना, उशीर होईन. थे म्हने, जाऊ द्या बाबा, दुसरीनं जाईन. मंग रोज एक गाडी सोडे. तिकडं दुसरी लगेच येते म्हना. पन थेवढं भेटलं मले."

इतके दिवस मी या माणसाची टिंगल करत होतो.

कंडक्टरनं घंटी मारली. काका सवयीनं उठले, "चाल, बस नीट" म्हणाले आणि उतरले. मीही त्यांच्या मागोमाग उतरलो. गाडी निघून गेली.

"अबे, तू काहून उतरला?" काका ओरडले. "गाडी गेली ना!"

"जाऊ द्या. दुसरीनं जातो."

"हे काय तिकडं हाये का? दुसरी तासाभरानं हाये! साहेब काय म्हनन? अन् माहा रुमाल सीटवरच राह्यला, थो गेला ना वाशीमले!"

बराच वेळ ते मला बोलत होते. मग बाकावर बसले. मी दोन चहा सांगितले. काका कारंज्याच्या रस्त्याकडे बघत राहिले, आणि रुमाल नसल्यामुळे त्यांनी सदऱ्याच्या बाहीनंच डोळे पुसले.