मोघे काका आणि अमेरिकन ॲम्प्लिफायर

मोघे काका कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खिशातला टेस्टर काढून जवळच्या सॉकेटमध्ये घालून बघत. यजमान "या, बसा" म्हणत असायचा आणि काका भिंतीशी वाकलेले असायचे. तपासणीत घर पास झालं तरच चहा. नाहीतर "आपल्याकडे न्यूट्रलमध्ये करंट येतोय, मी उभाच बरा," असं म्हणून दारातूनच परत. तरुणपणी ते मुलगी बघायला गेले तेव्हाही म्हणे त्यांनी हेच केलं आणि पोह्यांची बशी हातात घेण्याआधी जाहीर केलं, "मुलगी उत्तम आहे, पण घराला अर्थिंग नाही." लग्न जमलं नाही. पुढच्याच आठवड्यात त्या घराला अर्थिंग मात्र बसलं, आणि ते काकांनीच जाऊन बसवलं. ही हकीकत मला नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत तीन जणांनी शपथेवर सांगितली. काकांना विचारलं तर म्हणाले, "साफ खोटं. पोहे नव्हते, उपमा होता."

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तळमजल्यावर एकटेच राहायचे. घरात एक कॉट, एक खुर्ची, आणि उरलेल्या सगळ्या जागेत वायरी. इमारतीतली बिघडलेली प्रत्येक वस्तू त्यांच्याकडे जायची. दोनच अटी होत्या. मालकाने समोर बसायचं, आणि काकांनी स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी बिघाडाचा इतिहास सांगायचा.

"इतिहास सांगा," हे त्यांचं पहिलं वाक्य.

"काही नाही हो काका, आपोआप बंद पडला," असं आपण म्हटलं की दुसरं वाक्य ठरलेलं. "आपोआप फक्त केस पिकतात. पुढे?"

दुसऱ्या मजल्यावरच्या सबनीस बाईंचा मिक्सर असाच 'आपोआप' जळला होता. काकांनी भांडं हुंगलं आणि विचारलं, "हळकुंडं किती घातली होती?" बाई तणतणत मिक्सर उचलून घरी गेल्या. दोन दिवसांनी परत आल्या, खाली मान घालून म्हणाल्या, "सात." काकांनी अर्ध्या तासात मिक्सर चालू करून दिला. त्या दिवसांत जो तो जुनं टाकून नवं घ्यायच्या मागे होता. काका मात्र म्हणायचे, नवं घेतलं की कुणाला काही कबूल करावं लागत नाही, म्हणून लोकांना ते परवडतं.

माझी पाळी यायची होती. मी अकोल्याचा. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो आणि वरच्या मजल्यावर अभयबरोबर खोली घेऊन राहत होतो. या शहरात मला अहो-जाहो करणारे पुष्कळ होते, मित्र एकच, अभय. तो वर्षभर अमेरिकेत ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या कामावर, राहून आला तेव्हा बरोबरच्या सगळ्यांनी बॅगा भरून परफ्यूम आणि चॉकलेटं आणली. अभयने गिटारचा एक छोटा ॲम्प्लिफायर मांडीवर घेऊन आणला. जेमतेम शिलाई मशीनच्या डोक्याएवढा, पण त्यावर त्याचा भारी जीव. गावी जाताना मला म्हणाला, "गिटार वाजव हवी तेवढी. ॲम्पला हात लावू नकोस. रविवारी येतोच आहे."

शुक्रवारी मी हात लावला.

त्याच्या प्लगच्या पिना चपट्या होत्या, आपल्या सॉकेटमध्ये जाईनात. मी अडॅप्टर आणला, लावला आणि बटण दाबलं. आतून ढब् असा आवाज आला, लाल दिवा क्षणभर लागून विझला आणि जळका वास सुटला. अभय तो ॲम्प एका जड लोखंडी डब्यातून लावायचा हे मी रोज बघत होतो. पण तो डबा म्हणजे अभयची चैन असावी असं मी समजत होतो. ऑफिसात मी अमेरिकेतल्या एका बँकेचा प्रोग्रॅम सांभाळायचो, आणि घरी मला अमेरिकेची वीज आपल्या निम्मी असते हे ठाऊक नव्हतं. अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्ट कमी करायचं काम त्या डब्याचं, हे तर त्याहून नाही.

शनिवारी सकाळी ॲम्प उचलून काकांकडे गेलो.

"इतिहास सांगा."

"काल लावला आणि आपोआ..." मी जीभ चावली. "म्हणजे, बंद पडला."

काकांनी ॲम्प फिरवला, चष्मा लावून मागची पट्टी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "पुरा झाला इतिहास?"

"हो."

"बरं."

त्यांनी फ्यूज काढला. काळा पडलेला. नवा घातला, आपल्या कोपऱ्यातल्या एका खोक्यातून वीज दिली, तोही गेला. "फ्यूजचा दोष नाही," काका म्हणाले. "त्याने कुणासाठी तरी जीव दिलाय. कुणासाठी, ते बघू." मग त्यांनी लाकडी फळीवर बसवलेला शंभर वॅटचा बल्ब ओढला. वीज आधी त्या बल्बातून आणि मग यंत्रात जायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब लखलखीत पेटणार, आणि यंत्र वाचणार. बटण दाबताच बल्ब असा पेटला की भिंतीवर माझी सावली उमटली. काका बल्बकडे न बघता माझ्याकडेच बघत होते.

आतल्या चार डायोडांपैकी एक गेला होता. "बुधवार पेठेतून चार घेऊन या. एक गेला की बाकीच्यांवर विश्वास ठेवू नये."

तासाभराने परत आलो, तर काका होते तसेच बसलेले. ॲम्प उघडा, हत्यारं बाजूला.

"काही केलं नाहीत?"

"मालकाच्या माघारी मी हात लावत नाही."

"काका, मी मालक नाही," माझ्या तोंडून निघून गेलं. मग सगळंच निघालं. अभय, अडॅप्टर, डबा, उद्याचा रविवार.

काका शांतपणे डायोडचे पाय वाकवत होते. "पट्टीवर एकशेवीस व्होल्ट लिहिलंय. सकाळीच वाचलं. म्हणून तर वीज माझ्या खोक्यातून कमी करून दिली."

"मग विचारलं का नाही?"

"दोनदा विचारलं."

त्यांनी चारही डायोड बसवले. या खेपेला बल्ब भक्कन पेटून मंद झाला आणि ॲम्पचा लाल दिवा लागला. मी वर धावत जाऊन गिटार आणि तो लोखंडी डबा घेऊन आलो आणि तार छेडली. खोली भरून आवाज! मी नाचायचाच बाकी होतो. "काका, अभयला कळणारसुद्धा नाही!"

काकांनी सोल्डरिंगची गरम सळई स्टँडवर ठेवली.

"मी बारा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "दादा मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास झाला म्हणून वडिलांनी त्याला रेडिओ आणून दिला. एका दुपारी मी तो चोरून उघडला. आतली वायर तुटली. मी आपली जोडली. वाजला. कुणाला कळलं नाही. आठ दिवसांनी दादाच्या हातात बंद पडला. वडील त्याला निष्काळजी म्हणाले आणि रेडिओ कपाटात घालून कुलूप लावलं. पुन्हा कधी काढला नाही."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"पन्नास वर्षं झाली. दादा सदाशिव पेठेत असतो. दर गुरुवारी जातो मी. विषय निघाला नाही."

रविवारी अभय आला. चपला काढायच्या आत मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो चिडला. ॲम्प उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाला, "तो डबा काय मी व्यायामाला ठेवलाय असं वाटलं तुला?" आणि ॲम्प लावून वाजवायला बसला. मी सुटलो.

खाली जाऊन काकांना म्हणालो, "सांगितलं."

"मग?"

"चिडला. आता वाजवतोय."

काका थोडा वेळ वरून येणारा आवाज ऐकत राहिले. मग त्यांनी टोपी घातली. "चला माझ्याबरोबर. एकटा गेलो तर नेहमीसारखा चहा पिऊन परत येईन."

दादांनी दार उघडलं. सत्तरीला टेकलेले, हातात पेपर. "बाळ्या? आज गुरुवार आहे का रे?"

काका उंबऱ्यातच थांबले. "दादा, तो रेडिओ मी उघडला होता."

मला वाटलं, म्हातारा विचारेल, कुठला रेडिओ. दादांनी पेपरची घडी घातली.

"ठाऊक आहे. बंद पडला त्याच रात्री, कपाटाला कुलूप लागायच्या आधी, मी मागचं झाकण काढून पाहिलं. वायरच्या जोडाला तू आईच्या पातळाची चिंधी गुंडाळली होतीस."

"मग वडिलांना सांगितलं का नाहीस?"

"तुला फोडून काढलं असतं. आणि तू पुन्हा कशालाच हात लावला नसतास."

मोघे काका रडले. लहान मुलासारखे, दारात उभं राहून, टोपी हातात घेऊन. माझेही डोळे भरून आले, आणि इथे आपण नसायला हवं होतं असं वाटलं.

दादांनी त्यांच्या खांद्याला धरून आत घेतलं. "दर गुरुवारी वाटायचं, आज सांगशील," ते म्हणाले. "मग वाटायचं, नाही सांगितलंस तेच बरं. पुढच्या गुरुवारी यायला तुला कारण राहील."