दिवाणखान्यातला तंबू

या, इकडे जवळ येऊन बसा. दाराशी पाहुण्यासारखं अवघडून काय बसलात? आणि किती महिन्यांनी फिरकलात! क्लेमेंटी काय चंद्रावर आहे? एमआरटी मेट्रोतून उतरलं की हाकेच्या अंतरावर घर, तरी आपलं 'वेळच मिळत नाही हो'. असू दे. आता आलाच आहात तर आमच्या शेजारच्या आगाशांची हकिगत ऐकून जा. मध्ये घड्याळाकडे बघायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

तर हे आगाशे आपल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर, दिवाणखान्यात तंबू ठोकून झोपतात.

हसताय काय? मी डोळ्यांनी पाहिलंय. एक दोरी सोफ्याच्या पायाला, दुसरी टीव्हीच्या टेबलाला, तिसरी थेट स्वयंपाकघरात फ्रिजला. फ्रिज उघडला की तंबू हलतो आणि आतून दरडावणी येते, "कोण आहे?"

"वाघ आहे," त्यांची बायको मृदुला म्हणते. "दूध काढतोय. झोपा."

आता हा माणूस मूळचा असा असता तर माझी तक्रार नव्हती. पण आगाशे म्हणजे रॅफल्स प्लेसच्या बँकेतला गोरागोमटा साहेब. मानेला पावडर, खिशात इस्त्रीचा रुमाल. लिफ्ट बंद पडली तर जिने चढण्याऐवजी खाली बाकावर पेपर वाचत बसणारा. घरात पाल दिसली तर आम्हाला बेल वाजवून बोलवायचे. मी झाडू घेऊन जायची आणि हे बाहेर चपलांच्या कपाटाशी उभे राहून विचारायचे, "गेली का हो?"

आणि गेल्या वर्षी अचानक हा माणूस जंगली झाला. मिशा वाढवल्या. गादी सोडली, एसी सोडला. जेवायला बसले की मृदुला भातावर तूप घालायला जाते, तर ताटावर हात आडवा! "जंगलात कोण देतं?" चहा गरम करून देऊ का? "जंगलात कोण देतं?" एकदा मी लिफ्टचं दार धरून उभी, तर माझ्याकडे करुणेनं बघत म्हणाले, "जंगलात कोण देतं, ताई?" आणि जिन्याकडे वळले. सातव्या मजल्यावर बसले होते म्हणे, बराच वेळ.

रविवारी आमच्या इमारतींच्या मागच्या नदीकाठी यांचा सराव. तिथली झाडीतली पायवाट तुम्हाला माहीत आहे, आम्ही सगळे संध्याकाळचे जातो. हे जाणार भर दुपारी, पाठीवर ही एवढी हिरवी बॅग घेऊन. बॅगच चालतेय आणि खाली दोन पाय फुटलेत, असं वाटायचं. नदीकाठी गळ टाकून बसणारे एक चिनी आजोबा दर वेळी मनापासून विचारायचे, "अंकल, मूव्हिंग हाउस आह?"

आम्हाला सगळी गंमतच वाटायची. खरं सांगायचं तर त्या घरात तेवढीच गंमत उरली होती. त्यांचा एकुलता एक निखिल सक्तीच्या लष्करी सेवेला गेला होता. या देशात कायमचं राहायचं ठरवलं की मुलाला दोन वर्षं द्यावी लागतात, ते काही कुणाला चुकत नाही. पण मृदुला एकदा रागात बोलून गेली होती, "इथं कायमचं राहायचं तुम्हीच ठरवलंत, पोरगं जंगलात झोपतंय." पोरगं शनिवारी सुटीवर यायचं, काळवंडलेलं, डास चावलेलं, आणि खोलीचं दार लावून घ्यायचं. बाप बाहेरून विचारायचा, "कसं चाललंय रे?" आतून इथल्या पोरांच्या बोलीत एकच उत्तर, "ओके लाह, पा." बस्स. पुन्हा विचारलं तर तेही नाही.

अशात एक दिवस आगाशांनी मोहीम जाहीर केली. उबिन बेटावर नदीकाठच्या जंगलवाटेनं चालायचं, तिथंच राहायचं. मृदुला, मी आणि आमचे हे. उशी आणायला बंदी होती. मी ओढणीत गुंडाळून नेली.

चांगीच्या धक्क्यावरून ती लाकडी होडी डबडब करत निघाली आणि मी लहान मुलीसारखी हसायलाच लागले. पुढे वाट काय सुंदर! एका बाजूला रबराची झाडं, दुसऱ्या बाजूला नदी, काठाला चिखलात पाय रोवून उभी असलेली खारफुटी, आणि सगळ्यांच्या पुढे ती हिरवी बॅग डुलतेय. आमचे हे म्हणाले, "आगाशे, मी घेतो थोडा वेळ." उचलायला गेले आणि बॅगेसकट खाली बसले.

मुक्कामाला पोचल्यावर आगाशांनी तंबू उभा केला, आणि इथं मात्र त्यांना मानलं. दोरीची अशी गाठ मारायचे की ओढाल तितकी घट्ट, आणि सोडायची म्हटली की एका बोटानं सुटणार. तेवढ्यात वारा सुटला, बाजूला उतरलेल्या पोरांचा तंबू उडून नदीत गेला, आमचा जागचा हलला नाही. "पुन्हा दाखवा," मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून मारून दाखवली.

आणि मग आलं रानडुक्कर. मागे चार पिल्लं, पंगतीला निघाल्यासारखी. बाकावर चढणाऱ्यांत पहिले कोण? आपले जंगली आगाशे. "हलू नका! त्याच्या डोळ्यांत बघू नका!" वरून सूचना चालू. डुकरानं कुणाच्याच डोळ्यांत बघितलं नाही. मृदुलाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि माझ्या गूळपोळ्या असलेली पिशवी उचलली आणि सहकुटुंब खारफुटीत गेलं.

"जंगलात कोण देतं?" आमचे हे म्हणाले. "आपण देतो."

हसून हसून पोट दुखलं, मग भुकेनं दुखायला लागलं. मी म्हटलं, एवढी बॅग आहे, आत काही तरी असेलच. आगाशे पाणी आणायला गेलेले पाहून सरळ उघडली. आत काय, तर तांदूळ! दुकानातून आणल्या तशा, न फोडलेल्या चार मोठ्या पिशव्या.

"अहो आगाशे! एवढा तांदूळ असताना आम्ही उपाशी?"

ते तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. "तो खायचा नाहीये, ताई."

"मग काय पेरायचाय?"

"निखिलच्या पाठीवर एवढं असतं," ते म्हणाले. "एवढं म्हणजे किती, मला कळेना. त्याला विचारलं तर सांगत नाही. म्हटलं, आपणच उचलून बघावं. जमिनीवर झोपून बघावं." मग हसायचा प्रयत्न केला. "फार असतं हो."

मृदुलानं पदराचं टोक ओलं केलं, नवऱ्याची कॉलर मागे ओढली आणि खांद्यावर पट्ट्यांचे लाल वळ उठले होते त्यावर धरलं. म्हणाली, "घरी गेल्यावर यातलाच भात लावते. वर तूप घालीन. हात आडवा घालायचा नाही."

पुढच्या शनिवारी मी वाटी परत द्यायला गेले. निखिल घरी होता, दार नेहमीसारखं लावलेलं. आगाशे दिवाणखान्यात तंबू लावत होते आणि काय सांगू, पोराच्या चड्डीची नाडी बरी अशी गाठ! दोरी सोफ्याच्या पायाला नुसती गुंडाळली. तंबू कोसळला. पुन्हा उभा केला. पुन्हा कोसळला, आता टीव्हीच्या टेबलावरची फुलदाणी घेऊन.

दार उघडलं.

"पा! नॉट लाइक दॅट लाह!" निखिल गुडघ्यांवर बसला. "दोरी अशी घ्यायची. मग खालून."

"असं होय? बघू, परत दाखव."

त्यानं परत दाखवली. तीच गाठ! मी तोंड उघडणार, "अहो, तुम्हाला तर..." तेवढ्यात मृदुलानं माझ्या पायावर असा पाय दिला की मी वाटीच घट्ट धरली.

"अजून एकदा," आगाशे म्हणाले. आणि दाखवता दाखवता पोरगं बोलायला लागलं. पावसात पाणी कुठून शिरतं, लाल मुंग्या कशा चावतात, शेजारचा मित्र कसा घोरतो. "फर्स्ट नाइट मी थोडा रडलो, पा. थोडासाच लाह." बाप दोरी हातात धरून नुसता ऐकत होता, शाळेत नवीन आल्यासारखा.

बोलत बोलत निखिल तंबूतच आडवा झाला आणि झोपला. पाय बाहेर. आगाशे उठले, आत गेले आणि उशी घेऊन आले. हळूच डोकं उचलून खाली सरकवली.

"जंगलात कोण देतं?" मी पुटपुटले.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

तर निघा आता, उशीर झाला. पण पुन्हा लवकर या. शनिवारी दुपारीच या, आगाशांकडे नेते तुम्हाला. फक्त त्यांची बेल वाजवू नका आणि फ्रिज उघडू नका. तंबूत पोरगं झोपलेलं असतं.