गुरुवारचा पट्टा

दर गुरुवारी इस्त्रीवाल्याच्या दुकानातली इस्त्री दोन तास गार पडायची. कपड्यांच्या टेबलावर नर्सताई रक्तदाबाचं यंत्र मांडायच्या आणि अख्खी गल्ली बाह्या वर करून रांगेत बसायची. मोठा दवाखाना दोन बस बदलून होता. तिथे जायचं तर दिवस मोडायचा, म्हणून कोणी जातच नसे. त्यापायीच इस्त्रीवाल्याची बायको एकदा मरता मरता वाचली होती. तेव्हापासून या गुरुवारावर त्याचा भारी जीव.

अशात एका बुधवारी शेजारची शिंपीण धावत आली.

"भावजी, उद्या आरोग्य खात्याचे मोठे साहेब येणारेत. तपासणी चालू ठेवायची की गुंडाळायची, ते बघायला."

"गुंडाळायची? का म्हणून?"

"अहो, वर्षभर गोळ्या खाऊन सगळ्यांचं बीपी नॉर्मल झालंय. धडधाकट माणसांसाठी कोण नर्स पाठवेल?"

पण इस्त्रीवाला हातपाय गाळणाऱ्यातला नव्हता. भिंतीवर ताईंची पाटी होती: तपासणीआधी चहा नको, जिने चढू नका, बडबड नको, लघवी तुंबवू नका.

"यातलं सगळं उलटं करायचं!" तो म्हणाला.

गुरुवारी गल्लीने आजारी पडण्यासाठी जिवाचं रान केलं. म्हातारे जिने चढले-उतरले. शिंपिणीने सासूशी मुद्दाम भांडण उकरून काढलं. ते पुढे तितकंसं मुद्दाम राहिलं नाही. इस्त्रीवाला सकाळपासून पाय आवळून उभा होता. साहेब आले, तेव्हा त्यांनाही माणुसकी म्हणून घरोघरचा एकेक असा पाच कप चहा झाला.

ताई आकडे सांगू लागल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. एकशे साठ. एकशे सत्तर. शिंपिणीच्या सासूचा तर त्यांनी दोनदा मोजला.

"कमाल आहे," साहेब म्हणाले. "कागदावर तुमची गल्ली सगळ्यात पुढे. मी तर मुदत वाढवायला आलो होतो. पण वर्षभरात हा उपयोग होणार असेल, तर बंदच करावं लागेल."

"साहेब, खरं काय ते सांगतो," इस्त्रीवाला कळवळून म्हणाला, "पण आधी जाऊन येतो!"

परत आल्यावर त्याने सगळं कबूल केलं. ताईंनी गल्लीकडे असं पाहिलं, की सासूसुद्धा वरमली.

"अर्धा तास सगळे गप्प बसा. साहेब, तुम्हीसुद्धा."

अर्ध्या तासाने आकडे शहाण्यासारखे खाली आले. साहेब खूश झाले आणि हौसेने त्यांनीही दंड पुढे केला.

एकशे ऐंशी. ताईंनी दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला. तिथेही तेच.

"शेवटचं कधी तपासलं होतंत?"

"वेळ कुठे मिळतो हो? दवाखाना लांब. जायचं म्हणजे दिवस मोडतो."

गल्लीने एकमेकांकडे पाहिलं. हसणं मात्र सगळ्यांच्याच जिवावर आलं. हे दुखणं त्यांच्या ओळखीचं होतं.

"तीन महिने दर गुरुवारी यावं लागेल," ताई म्हणाल्या.

"पण बंद झालं तर साहेब येणार कुठे?" इस्त्रीवाल्याने साळसूदपणे विचारलं.

साहेबांनी तोंड उघडलं.

"बोलू नका," ताई म्हणाल्या. "पुन्हा मोजतेय."

डाव्या दंडावर पट्टा फुगत होता, तेवढ्यात उजव्या हाताने साहेबांनी मुदतवाढीवर सही करून टाकली.